ख्रिस्ती विद्यापीठात फौजदारी न्याय शिकताना

फौजदारी न्यायव्यवस्था या विषयात एम.ए. करायला मी गोव्याबाहेरच्या एका कॅथलिक धर्मसंघाच्या विद्यापीठात जायचं ठरवलं, तेव्हा घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहिले. कायदाच शिकायचा तर सरळ एलएलबी का नाही? आणि डिचोलीच्या मुलीनं न्याय शिकायला फादर लोकांकडे कशाला जायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. २०१२ साली आमच्याकडच्या खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ज्यांच्या दारात खनिज वाहणारे ट्रक होते त्यांच्या दारात ते गंजत उभे राहिले आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच राहिले. त्या दिवसांत ओळखीतल्या एका ट्रकवाल्यावर मारामारीची केस झाली. त्याची बायको आरोपपत्राची जाडजूड प्रत घेऊन आमच्याकडे आली, कारण इंग्रजी वाचून समजावून सांगेल अशी वाड्यावर मीच होते. पंचनामा, जबाब, वैद्यकीय दाखला, सगळं तिला वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मग ते घरी कधी येतले?" त्या गठ्ठ्यात याचं उत्तर कुठंच नव्हतं. वकिलाला त्याचा अर्ज माहीत होता, पोलिसाला त्याचा तपास, तुरुंगाला त्याची हजेरी. माणूस पकडला गेल्यापासून घरी परतेपर्यंतचा सगळा रस्ता एकत्र पाहायला शिकवणारा अभ्यासक्रम मला हवा होता. या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात गुन्हेशास्त्र, पीडितशास्त्र, दंडशास्त्र (म्हणजे शिक्षा आणि तुरुंग यांचा अभ्यास), फौजदारी कायदा आणि प्रत्येक सत्रात प्रत्यक्ष काम, म्हणजे फील्डवर्क, होतं. तेही आपल्या जिल्ह्यात करायची मुभा होती.

दुसरा प्रश्न आजीचा होता आणि तो साधा नव्हता. नार्वे आमच्यापासून लांब नाही. दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगिजांनी मोडलं, लिंग नदीपलीकडे नार्व्याला आणलं गेलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथं देवळाची पुन्हा उभारणी करवली, हे आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. आजी म्हणाली, "देवांना रातोरात नदी ओलांडायला लावली त्यांनी, आणि तू त्यांच्याकडे न्याय शिकणार?" मी तिला समजवायला गेले नाही. प्रश्न रास्त होता आणि तो सोबत घेऊनच मी गेले.

प्रवेशाच्या मुलाखतीत धर्माबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तिघेजण होते, त्यातले एक पन्नाशी उलटलेले फादर. पुढे दोन वर्षं त्यांनीच आम्हाला दंडशास्त्र शिकवलं. त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात चोरी झाली तर लोक आधी कुठं जातात?" मी म्हटलं, देवळात. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या उत्तराचा त्यांनी पुढं पुरेपूर उपयोग केला, ते सांगेनच.

चॅपलमध्ये जाणं कुणावर बंधनकारक नव्हतं. नीतिशास्त्राचा एक पेपर सगळ्यांना होता आणि त्यात बायबलबरोबर बौद्ध, इस्लामी आणि गांधीविचारातली वाचनंही होती. आमच्या वर्गात एक सिस्टर, सेमिनरीतून, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेतून, आलेले दोन तरुण, एक निवृत्त हवालदार आणि बाकी आमच्यासारखी पोरं. हवालदार काकांकडून मी जितकं शिकले तितकं काही पुस्तकांतूनही नाही. आम्ही पहिल्या वर्षी भारतीय दंड संहितेची कलमं पाठ केली आणि १ जुलै २०२४ पासून नवे तीन कायदे लागू झाले. नव्या भारतीय न्याय संहितेत ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८ झालं, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. आम्ही तरुण मंडळी नव्या आकड्यांशी झटत असताना काका शांतपणे म्हणायचे, "आकडे बदलले, लॉकअप तेच आहे." जुन्या केसेस जुन्याच कायद्यानं चालणार असल्यानं आम्हाला दोन्ही शिकावं लागलं. शेजारी शेजारी ठेवून वाचल्यामुळे काय बदललं आणि काय तसंच राहिलं हे मात्र नीट कळलं.

दंडशास्त्राचा पेपर सुरू झाला तो अमेरिकेतल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांपासून. फटके, डागणं, जाहीर फाशी यांच्याऐवजी माणसाला एकांतात ठेवलं तर तो स्वतःशी आणि देवाशी बोलेल, पश्चात्ताप करील, अशी त्या भाविक लोकांची श्रद्धा. फिलाडेल्फियात १७९० मध्ये वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगात हा प्रयोग सुरू झाला आणि १८२९ मध्ये ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी ही प्रचंड इमारत उभी राहिली. एकेका कोठडीत एकेक कैदी, कुणाशी बोलणं नाही, कुणाचं तोंड पाहणं नाही. माणसं वेडी व्हायला लागली. चार्ल्स डिकन्सनं १८४२ मध्ये तो तुरुंग पाहिला आणि ही शरीराच्या छळापेक्षा भयंकर गोष्ट आहे असं लिहिलं. फादरांनी त्यावर आम्हाला निबंध लिहायला दिला: हेतू शुद्ध होता, मग छळ कुठून आला? मी लिहिलं की आत काय चाललंय हे विचारायचा अधिकार आतल्या माणसाला नव्हता, आणि बाहेरचे लोक स्वतःच्या चांगुलपणावर इतके खूश होते की त्यांनी विचारलं नाही. त्यांनी मार्जिनमध्ये लिहिलं, "हे वाक्य जपून ठेव, गोव्यात लागेल."

त्याच पेपरात मी आपल्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरवर सादरीकरण केलं. औंध संस्थानात १९३० च्या दशकाच्या शेवटी खुल्या तुरुंगाची ही वसाहत सुरू झाली. भिंत नाही, कैद्यानं कुटुंबासह राहायचं, शेती करायची. त्यामागे मॉरिस फ्रिडमन हे पोलंडहून आलेले ज्यू अभियंते होते, जे पुढं भारतानंद झाले, आणि त्यांना पाठबळ देणारे औंधचे राजे. श्रद्धाळू माणसांनीच केलेला हाही प्रयोग, पण इथं कैदी बोलू शकत होता, हात राबवू शकत होता, मुलाबाळांत राहू शकत होता. वर्गातल्या कुणालाच हे माहीत नव्हतं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

मग आमची अभ्याससहल गोव्यात आली. आग्वाद आणि रेइश मागूशचे किल्ले, जुने गोवे. आग्वादचा तुरुंग २०१५ पर्यंत चालू होता, मग कैदी कोलवाळच्या नव्या मध्यवर्ती कारागृहात नेले गेले आणि २०२१ च्या डिसेंबरात आग्वादच्या त्या जागेचं संग्रहालय झालं. कोठड्यांच्या दारांतून फिरताना मी सगळ्यांना राममनोहर लोहिया आणि मोहन रानड्यांबद्दल सांगितलं. रानडे आमच्याकडे मराठी शिकवायला आलेले मास्तर, १९५५ च्या बेतीच्या हल्ल्यात पकडले गेले, पुढं पोर्तुगालच्या तुरुंगात नेले गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. राज्य बदललं तरी कैदी आतच राहिला, यावर वर्गात बरीच चर्चा झाली. आणखी एक गोष्ट बाहेरच्या मुलांना नवीन होती: पोर्तुगीज नागरी संहितेतला कुटुंबविषयक भाग आमच्याकडे अजून चालतो, फौजदारी कायदा मात्र मुक्तीनंतर भारताचा आला. पोर्तुगालनं लष्करी गुन्हे सोडून बाकीच्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्येच रद्द केली होती, हे कळल्यावर हवालदार काका बराच वेळ गप्प होते.

जुन्या गोव्यात से कॅथेड्रलजवळच्या मोकळ्या पटांगणात फादरांनी आम्हाला थांबवलं. पर्यटक बाँ जेझूस चर्चकडे चालले होते, एक बाई चणे विकत होती. फादर म्हणाले, "इन्क्विझिशनचा वाडा इथं होता. आता एक दगडही नाही." मग त्यांनी पाठीवरच्या पिशवीतून टाइप केलेला एक कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. इन्क्विझिशन म्हणजे चर्चच्या शिकवणीविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारी धार्मिक कचेरी. १५६० मध्ये स्थापना, १८१२ मध्ये शेवट, मध्ये थोडी वर्षं खंड. ज्या संतांचं शव पलीकडच्या चर्चमध्ये आहे त्या फ्रान्सिस झेवियरांनी १५४६ मध्येच राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन पाठवायची मागणी केली होती. आधी ज्यू वंशाचे नवख्रिस्ती, मग जुने आचार न सोडलेले बाटलेले हिंदू या कचेरीपुढं उभे केले गेले.

यातलं बरंच मला लहानपणापासून माहीत होतं. नवीन होती ती प्रक्रिया. आरोप कोणी केला हे आरोपीला सांगायचं नाही. काय आरोप आहे हेही सांगायचं नाही. त्यालाच विचारायचं की तुला इथं का आणलंय असं तुला वाटतं? डेलाँ नावाचा फ्रेंच वैद्य १६७३ मध्ये दमणला पकडला गेला आणि गोव्याच्या या कोठडीत राहून १६७६ मध्ये शिक्षा होऊन बाहेर पडला. त्यानं सुटल्यावर जे लिहिलं त्यावरून आपल्याला आतलं बरंच कळतं: पुन्हा पुन्हा कबूल कर म्हणायचं, काय कबूल करायचं ते त्यानंच शोधायचं. मालमत्ता जप्त, मुदत ठरलेली नाही, यातना देण्याची परवानगी. फादरांनी कागद घडी केला, दुसरा काढला आणि राज्यघटनेचं कलम २२ वाचलं. अटकेची कारणं सांगायची. वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करायचं. "आमच्या लोकांनी ज्याला आत्म्याची काळजी म्हटलं, ती काळजी या तीन ओळींत नव्हती म्हणून राक्षसी झाली," ते म्हणाले. त्यांनी सारवासारव केली नाही, "त्या काळी सगळीकडे असंच होतं" हेही म्हणाले नाहीत. मी आजीला त्या रात्री फोन करून हे सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "स्वतः पाद्री असून बोलला?" मी हो म्हटलं. "मग शीक," एवढंच म्हणाली.

माझ्या दृष्टीनं सगळ्या दोन वर्षांचा गाभा तिथून पुढं उलगडला. कबुली हा विषय त्यांनी सोडलाच नाही. पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, नव्या साक्ष अधिनियमात २३ आहे. काका म्हणाले की तपास करणाऱ्याला हे कलम काट्यासारखं टोचतं, पण ते नसतं तर मारल्याशिवाय तपास झालाच नसता. मग वर्गातल्या सेमिनरीच्या मुलानं अवघड प्रश्न काढला. चर्चमध्ये पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूनं ते कुणालाही सांगायचं नसतं. पण लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा, पॉक्सो, कलम १९ मध्ये सांगतो की अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणीही ती पोलिसांना दिलीच पाहिजे, आणि न दिल्यास कलम २१ मध्ये शिक्षा आहे. आपल्या पुरावा कायद्यात वकिलाला दिलेल्या माहितीला संरक्षण आहे, धर्मगुरूला दिलेल्या माहितीला नाही. मग फादरनं काय करायचं? त्या दिवशी वर्ग संपायची घंटा होऊन गेली तरी कुणी उठलं नाही. सिस्टर रडवेल्या झाल्या होत्या. फादर म्हणाले की मुलाच्या सुरक्षेपुढं संस्थेची अब्रू सांभाळणारे लोक त्यांनी स्वतः पाहिले आहेत, आणि असं करणारा चर्चची सेवा करत नाही. माझं मत तेव्हाही स्पष्ट होतं आणि आजही आहे: मुलाच्या बाबतीत कायदा आधी. त्या वर्गात ते मोठ्यानं म्हणायला मला कुणी अडवलं नाही.

आणि मग माझी पाळी आली. मुलाखतीतलं माझं उत्तर फादरांच्या लक्षात होतं. "तुमच्या देवळातला कौल सांग," म्हणाले. मी सांगितलं. घरातलं सोनं गेलं, कुणावर तरी संशय आहे, तर देवाला गाऱ्हाणं घालतात, मूर्तीला पाकळ्या लावतात, उजवी पडली की डावी यावरून कौल घेतात. बऱ्याचदा तेवढ्यानंच चोरलेली वस्तू गुपचूप परत येते, पोलीस नाही, कोर्ट नाही. हे सांगताना माझ्या आवाजात अभिमान होता. त्यांनी विचारलं, "ज्याच्यावर संशय आहे तो तिथं असतो? त्याला बोलायला मिळतं? कौल चुकला तर दाद कुठं मागायची?" आमच्या ओळखीतल्या एका घरकाम करणाऱ्या बाईवर असा संशय आला होता. कौलानंतर तिला कुणी कामाला ठेवलं नाही, आणि सोनं पुढं घरातच सापडलं. मी वर्गात हे सांगितलं. देवावरची माझी श्रद्धा आहे तिथंच आहे, अजूनही नार्व्याच्या जत्रेला जाते, पण जुन्या गोव्याच्या पटांगणात जे तीन प्रश्न विचारायचे तेच माझ्या देवळाच्या सभामंडपातही विचारायला हवेत, हे मला पटलं.

दुसऱ्या वर्षी पुनर्स्थापक न्याय हा पेपर होता, म्हणजे गुन्हेगारानं पीडिताला सामोरं जाऊन झालेलं नुकसान भरून काढायचा विचार. त्याची आधुनिक सुरुवात कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या एल्मायरा गावात १९७४ मध्ये झाली. दोन दारुड्या पोरांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. मार्क यांत्झी हा मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचा परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी. त्यानं न्यायाधीशांना सुचवलं की या पोरांनी प्रत्येक घरी जाऊन तोंडावर बोलावं. न्यायाधीशांनी मान्य केलं, पोरं दारोदार गेली, नुकसान भरून दिलं. पुढं हॉवर्ड झेर यांनी व्हर्जिनियातल्या ईस्टर्न मेनोनाइट युनिव्हर्सिटीत हा विचार वर्षानुवर्षं शिकवला. तीही धर्मसंस्थेचीच. मला कल्पना आवडली, पण फादरांशी माझा वाद झाला तो इथेच. नुकसान, चोरी, पोरांची भांडणं यांच्यात हे चालेल. नवऱ्यानं मारलेल्या बाईला गावातली चार माणसं बसवून "मिटवून घे" म्हणतात, त्यालाही समेटच म्हणतात. तिथं हे आणू नका. फादरांना क्षमेबद्दल फार आस्था होती आणि ती त्यांच्या श्रद्धेतूनच येत होती; पण क्षमा करायची की नाही हे जिचं अंग दुखलंय तिनं ठरवायचं, तिच्यावर कुणी दडपण आणायचं नाही, यावर मी शेवटपर्यंत ठाम राहिले. परीक्षेतही तेच लिहिलं आणि गुण चांगले मिळाले.

तिसऱ्या सत्राचं फील्डवर्क मुलांच्या प्रकरणांचं होतं. बाल न्याय कायद्याखाली मुलाचा सामाजिक तपास अहवाल लिहायचा असतो, घर, शाळा, संगत, आईबापाची कमाई, सगळं. गोव्यात त्याशिवाय २००३ चा स्वतःचा बाल कायदा आहे आणि बाल न्यायालय आहे. त्या मुलांबद्दल इथं जास्त लिहिणार नाही, त्यांची ओळख उघड होईल असं काहीच लिहू नये हा कायदाही आहे आणि मलाही तेच बरोबर वाटतं.

शेवटचं सत्र कच्च्या कैद्यांवर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यांतले ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेले. रीतसर परवानगी काढून मी तुरुंगात जायला लागले. माझ्या मार्गदर्शक सासष्टी तालुक्यातल्या एक सिस्टर, वर्षानुवर्षं कैद्यांना भेटणाऱ्या. दारावर मोबाईल, पर्स ठेवायची, वही-पेन तेवढं आत. पहिल्याच दिवशी मी प्रश्नावली काढली तर सिस्टरनी माझ्या हातावर हात ठेवला. "बाय, पयलीं आयक, मागीर बरय." म्हणजे आधी ऐक, मग लिही. प्रश्नावली मी मिटून ठेवली.

त्या काळात भेटलेला एक मुलगा झारखंडचा होता, समुद्रकाठच्या शॅकमध्ये भांडी घासायचा. मालकाच्या गल्ल्यातले पैसे चोरल्याचा आरोप. नोकरानं मालकाच्या वस्तूची चोरी केली तर न्याय संहितेच्या कलम ३०६ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यानं शर्टाच्या आतून दुधाची रिकामी पिशवी काढली, धुऊन वाळवलेली, तोंड रबरबँडनं बांधलेलं. आत तीन पानं होती. घडीच्या रेषा फाटायला आल्या होत्या आणि मागच्या बाजूला कुणाचे तरी फोन नंबर लिहिलेले. पानं इंग्रजीत. त्याला वाटत होतं की हा पुढच्या तारखेचा कागद आहे. मी वाचला. तो जामिनाचा आदेश होता. पंचवीस हजारांचा मुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. जामीन मिळून आठवडे उलटले होते. त्याला गोव्यात कोण जामीन राहणार? ज्याच्याकडे काम केलं तोच फिर्यादी. मी त्याला हिंदीत समजावलं तेव्हा त्यानं दोनदा विचारलं, "मतलब छूट गया हूँ?" याचं खरं उत्तर हो असंही होतं आणि नाही असंही. झारखंडच्या कच्च्या कैद्यांसाठी झटलेले फादर स्टॅन स्वामी स्वतः ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, कच्चे कैदी म्हणूनच गेले, त्यांची आठवण सिस्टरना त्या दिवशी परत येताना झाली. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत.

मग मला दोन वर्षांत शिकलेलं सगळं एकदम उपयोगी पडलं. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला होता आणि भावाचा जामीन दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ रोजी याबद्दल ठोस सूचना दिल्या: जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं तुरुंगात जावी, सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावं, महिन्याभरात मुचलका भरला गेला नाही तर न्यायालयानं स्वतःहून अटी बदलण्याचा विचार करावा. शिवाय केंद्राच्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते. अंमली पदार्थांच्या खटल्यांना ती लागू नाही, आणि किनारपट्टीवरच्या आमच्या गोव्यात ही अट बऱ्याच जणांना नडते.

तुरुंगातल्या कुणालाही मोफत वकील मिळायचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नं दिलेला आहे. त्या वकिलांना मी भेटले. अट शिथिल करा असा अर्ज करायचा तर हा मुलगा पळून जाणार नाही हे दाखवायला हवं. मग मी त्याच्या भाड्याच्या खोलीच्या मालकिणीकडे गेले. तिनं आधी दार अर्धंच उघडलं, पण मराठीत बोलायला लागल्यावर बसवून चहा दिला आणि तो दोन पावसाळे तिथं राहिल्याचं लिहून दिलं. त्याच्या गावच्या मुखियाकडून ओळखीचा दाखला व्हॉट्सॲपवर आला, तोही त्याच्या बहिणीनं तीन दिवस मागे लागल्यावर. वकिलांनी मोतीरामचा निवाडा आणि २०२३ च्या सूचना जोडून अर्ज टाकला. पहिल्या तारखेला सरकारी वकील हजर नव्हते, दुसऱ्या तारखेला ऐकलं गेलं, आणि न्यायालयानं स्थानिक जामीनदाराची अट काढून जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. तो सुटला, दर तारखेला येतो, खटला अजून चालू आहे. त्यानं पैसे घेतले की नाही हे मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. ते न्यायालय ठरवील.

माझा प्रबंध अशाच जामीन मिळूनही आत राहिलेल्या माणसांवर झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "हे सगळं तुम्ही करुणेतून केलंत की कायद्यातून?" मी म्हटलं, मॅडम, त्या मुलाला माझी करुणा नको होती, त्याला आदेशाची हिंदी प्रत हवी होती आणि ती मिळणं हा त्याचा हक्क होता. प्रबंधाच्या शिफारशींत पहिली तीच आहे: जामिनाच्या आदेशाबरोबर कैद्याला कळेल अशा भाषेत अर्ध्या पानाचा गोषवारा. आता मी तालुक्याच्या विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं आहे आणि असे गोषवारे हातानं लिहून देते.

गोव्यातून कुणाला हे शिकायचं असेल तर दोन-तीन गोष्टी सांगते. प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे ना, हे स्वतः तपासा, आणि फील्डवर्क नेमकं कुठं मिळणार ते लेखी मागा. नुसती व्याख्यानं असतील तर हा विषय शिकल्यासारखा होत नाही. संस्था कुठल्याही धर्माची असो, तिच्याच धर्माच्या लोकांनी केलेल्या अन्यायाबद्दल वर्गात काय शिकवतात ते आधीच्या विद्यार्थ्यांना विचारा. तुरुंगभेटीच्या परवानगीचा अर्ज सत्र सुरू व्हायच्या बराच आधी टाका, पोलीस पडताळणीला वेळ लागतो. आणि कोकणी-मराठी येतेच, पण तेवढ्यावर भागत नाही. मला आत भेटलेली बरीच माणसं हिंदी नाहीतर कन्नड बोलणारी होती. हिंदी मला येत होती, कन्नड आता म्हापशाच्या एका बाईंकडे आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकते आहे.